रुक्मिणीची ओढणी

मंगळवार, संध्याकाळ, केज

आज कारखान्यात कागदावर गरम प्लास्टिक चढवताना माझ्यासोबत काम करणाऱ्या रुक्मिणीची ओढणी रोलरमध्ये ओढली गेली. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. रोलर आणि तिचा गळा, मधे वीतभर अंतर राहिलं होतं. चकचकीत कागद मात्र तिथंच चिकटून जळाला.

मालक आले ते आधी कागदाकडं. "काहून बंद केलं? माल गेला ना सगळा!"

"रुक्मिणी गेली असती, दादा. रोलरपुढची जाळी बसवा, मगच चालू करते."

हे मी बोलले? काम भराभर व्हावं म्हणून जाळी त्यांनीच काढायला लावली होती. माझ्याकडं न बघता त्यांनी ती परत बसवली. उद्या कामावर ठेवतील का मला?

वीतभरच अंतर होतं.

परतीच्या जीपमध्ये रुक्मिणी घर येईपर्यंत माझा हात घट्ट धरून बसली.