बाभळीखालचा पाचवा दगड

९ डिसेंबर, मंगळवार
मला न विचारता रानाची मोजणी बोलावली. धाकट्या दिरानं, दत्तूनं. पुढं नुसता द. लिवीन, अख्ख्या नावाची लायकी न्हाय. वाटणीत रानाचे दोन नंबर, एक मला एक त्याला, मधी विहीर. आता म्हणतो विहीर त्याच्या हद्दीत. म्हंजे माझी ज्वारी त्याला विचारून पाणी पिणार.

१२ डिसेंबर
लेक सुमन सोलापूरहून आली. कचेरीतनं इंग्रजाच्या वेळच्या टिपणाची, मोजणीच्या नकाशाची, नक्कल आणली. हातानं काढलेलं रान. वड्याची वाकडी रेघ, विहिरीला गोल, चिंचेचं झाड, हद्दीच्या दगडाची खूण. राबणारं माणूस एक न्हाय. सुमन म्हणती, "आई, किती सुबक काढलंय!" म्हणलं, काढणारा राबला न्हाय, म्हणून सुबक.
दगड विहिरीच्या पल्याड काढलाय, द.च्या अंगाला. म्हंजे विहीर माझी. पण रानात तितं दगड कुटं हाय?

१५ डिसेंबर
मोजणीवाला आला, यंत्र लावलं. दगड गावला विहिरीच्या अल्याड, माझ्या बाभळीखाली, चुन्यानं पांढराफेक.
"मावशी, ह्यो हितं कसा?"
सगळ्यांस्नी ठावं हाय. सासूनं एका येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, रानात पुजायला बाभळीखाली दगडाचे पाच पांडव मांडले, दगड गावले चार. पाचवा बांधावरनं उपटून आणला ह्या द.नंच. तवा अंगात रग होती. पुजला, आंबील शिंपडली, देव झाला. देवाला परत बांधावर कोण नेतो? ऱ्हायला तितंच.
मोजणीवाला म्हणाला, "उचला की, टिपणाच्या जागी ठेवा."
द. म्हणाला, "देव हाय. हलवायचा न्हाय."
"मग हद्द न्हाय की," मी.
"हद्द बी हाय."
मोजणीवाला हसला. चहा पिला. दोघं मिळून काय ते ठरवा, शनवारी येतो म्हणाला.

१८ डिसेंबर
जाऊ आली, येळवशीच्या भज्जीला वाल मागायला. दिले. जाताना, "अक्का, एका दगडासाठी कशाला?"
"मी कुटं धरलाय? चुना तुझा नवरा लावतो दर साली."
आंबील घातली. बरी आंबटली.
उद्या येळवस. चुना द.नंच लावायचा. पाचव्या दगडावर हात ठेवून, सगळ्यांदेखत सांगायचं, देव का हद्द. एकच काय ते. देव म्हणला तर हद्द टिपणातली, हद्द म्हणला तर दगड टिपणाच्या जागी. सुमननं मधी बोलायचं न्हाय, जावेनं न्हाय, मी तर न्हायच. द.नंच बोलायचं.