आधी माप, मग ओरडा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून सध्या मानेपुरताच). भाओजींचा खोकला गेला असेल, अशी आशा. आम्ही तिघं ठीक. दुकानात शिलाईचं काम भरपूर आहे आणि त्यातलं अर्धं मी बिघडवतो, असं तुझ्या भावजयीचं मत आहे.

विषय तुझ्या भाचीचा. तिला मधुमेह होऊन वर्ष झालं. बोट टोचणं, इन्सुलिन, सगळं तिच्या अंगवळणी पडलं. टोचताना डोळे मिटून घेतो तो मीच. पण तिचं लक्ष नसतं, अशा चिठ्ठ्या शाळेतून येऊ लागल्या. मी साताचा पाढा विचारला, तर ती पंख्याकडे बघत राहिली. मी आवाज चढवला. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "बाबा, मी ढ आहे ना?" ताई, त्या दिवशी माझ्याच्याने काही शिवून झालं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर फार उतरली की मुलांचं लक्ष उडतं, फार चढली तरी मूल मंद आणि चिडकं होऊ शकतं. त्याला हट्ट समजू नका. झालं, मी मापांच्या वहीत तिचं पान उघडलं. वेळ, साखर आणि पाढ्यातल्या चुका. (एका गिऱ्हाइकाची अठ्ठेचाळीस इंच कंबर चुकून त्या पानावर गेली आणि ती साखर समजून तुझी भावजय फळांचा रस घेऊन शाळेकडे धावत सुटली.) महिनाभरात उमगलं. साखर साठाच्या आसपास आली की सात साते गायब. रस पाजला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, वर आणखी थोडं बसू दिलं, की तेराचा पाढासुद्धा धडाधड. काही चुका अस्सल तिच्याच आहेत, नाही असं नाही. पण कापड कापण्याआधी दोनदा माप घेणारा मी, पोरीवर ओरडण्याआधी एकदाही घेत नव्हतो, याची लाज वाटली. आता शाळेतही पेपराआधी तपासतात आणि लागलं तर थांबतात. परवा वीसपैकी सतरा मिळाले.

या आनंदात मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तिने नवी सुई घालून माझं बोट टोचलं, आकडा नीट वाचला आणि म्हणाली, "साखर ठीक आहे. आता तुम्हाला ओरडलं तर चालेल."

तुझा,
धाकटा

ता. क. : 'ढ' हा शब्द सुट्टीत तू वापरलास, गणितं घालताना. त्यानंतर जेवणाआधी तपासलं तर आकडा छप्पन्न होता. रस पाजला, पण गणिताशी त्याचा संबंध कुणीच जोडला नाही. (शेजारी बसून मान डोलावत होतो मी, म्हणजे अर्धा दोष माझा.) मी माझं कबूल केलं, पण तू शिक्षिका; तिला खरा वाटतो तो तुझा शब्द. तिला दोन ओळी लिही.

आणखी एक : तो कोट भाओजींचा. बाही बदलून पाठवतो आहे. कापताना ती शेजारी उभी राहून "उजवीच ना?" असं दोनदा विचारत होती, तेव्हा त्यांनी निर्धास्त घालावा.