सायकलच्या अंतरावर

प्रिय बारके,

परवा फोनवर तू शेजारच्या म्हातारीचं इतक्या कौतुकानं सांगत होतीस की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. ती जिन्यात पडली, मांडीचं हाड मोडलं, मग तू सायकल दामटत रोज दवाखान्यात गेलीस, तिच्या उशाशी बसून तिला सूप पाजलंस, केससुद्धा विंचरून दिलेस. मी मोठ्या मनानं वा वा म्हटलं. मन कसलं मोठं! त्या म्हातारीचा मला असा राग आला म्हणून सांगू. वास्तविक बिचारीनं माझं काय घोडं मारलंय? ती तुझ्या सायकलच्या अंतरावर राहते, एवढाच तिचा गुन्हा.

परदेशात गेल्यावर विमानात पाय ठेवायचा नाही असा नेम तू केलास तेव्हा आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण मी तरी तुला ओळखायला हवं होतं. लहानपणी मुंग्यांची रांग दिसली की तू अख्ख्या मैदानाला वळसा घालून शाळेत जायचीस. मुंग्या वाचायच्या, तुझं नाव व्हायचं, आणि उशिराबद्दल छडी मात्र मी खायची, कारण तुला वेळेवर पोचवणं हे माझं काम. आताही तसंच चाललंय बघ. मुंग्यांच्या जागी पृथ्वी आली, इतकंच. तिला ताप आला की तुझा जीव कासावीस होतो. हसशील, पण मला ती सवतीसारखी वाटते. रूपानं, वयानं, कशानंच मी तिच्यापुढे टिकत नाही.

आणि माझा धंदा कोणता, तर बाबांनी घराखाली थाटलेलं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान. आपण दोघी त्याच मशिनींच्या घरघरीत वाढलो, तुझं शिक्षणही त्यावरच झालं. तू तिकडे व्यासपीठावरून जग तापतंय म्हणून कळवळून सांगतेस आणि जग तापलं की इकडे आमच्या दाराशी रांग लागते. तुझे भाऊजी म्हणतात, मेहुणीचं खरं ठरलं तर आपली चूल पेटते, खोटं ठरलं तर जग वाचतं, आता देवाकडे मागायचं तरी काय? त्यांनी मागणंच सोडून दिलंय. मुकाट्यानं गॅस भरतात.

मागच्या उन्हाळ्यात मी ईर्ष्येला पेटले. आई उठताबसता तुझं नाव घेते, बारकी नवे कपडे घेत नाही, बारकी गाडी वापरत नाही. म्हटलं, आपणही काही कमी नाही, आणि घरातला एसी बंद करून टाकला. चार दिवस गेले आणि आई दुपारची घरातून नाहीशी व्हायला लागली. शोधत खाली गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्त झालेले एसी आम्ही चालवून बघतो ना, तिथे तीन मशिनी एकदम चालू, आणि त्या गारठ्यात शाल पांघरून आमच्या मातोश्री मोबाइलवर तुझं भाषण ऐकत बसलेल्या. एसी कमी वापरा, हेच भाषण! आल्यागेल्या गिऱ्हाइकाला दाखवत होती, ही माझी धाकटी, फार गुणाची. मी घामानं निथळत दारात उभी. माझीही ओळख करून दिली हो तिनं. पावती हिच्याकडे करा, म्हणाली.

तू चुकतेस असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, तुझ्याशी कडकडून भांडले असते. पण यंदा आमचा एक कारागीर गच्चीवर काम करता करता भोवळ येऊन पडला. तेव्हापासून भर दुपारची कामं आम्ही घेत नाही. म्हणजे मलाही कळतं. तू एकदा मला समजावलं होतंस, विमानाच्या इकडच्या एका फेरीत किती धूर होतो. कोणी आलंच नाही तर काय होतं, ते कशानं मोजतात, हे मात्र तेव्हा विचारायचं राहून गेलं.

दर फोनला मी म्हणते, आई तुझी फार आठवण काढते. साफ खोटं. आई ठणठणीत आहे, तुझ्या भाषणांवर तिचं पोट भरतं, आणि मी तुझं नाव काढलं की तीच मला दटावते, तिला बोलावू नकोस, तिचा नेम मोडेल. माझं काय काय मोडलं याची तिनं कधी एवढी काळजी केली नाही. आठवण मी काढते, बारके. मीच.

हे पाकीट विमानानंच येणार, तेवढ्यापुरती चिडून घे. फोनवर सांगायला गेले असते तर मला रडू फुटलं असतं आणि आईनं ऐकलं असतं. माझ्या छातीत गाठ निघालीय. चांगली नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, मग औषधं. आईला सांगितलेलं नाही. तुझे भाऊजी माझ्यापेक्षा जास्त रडतात, त्यांचा काही उपयोग नाही. दवाखान्यात नर्सनं विचारलं, उशाशी कोण थांबणार? माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, बहीण. तिनं लिहूनही घेतलं. आता आगगाडीनं ये, बोटीनं ये, विमानानं आलीस तर ते पाप माझ्या नावावर घाल. वाटेत मुंग्या दिसल्या तर खुशाल वळसा घाल, पण या खेपेला वेळेवर पोच. आणि त्या म्हातारीचे विंचरलेस तसे माझे केस विंचरून दे. औषधं सुरू झाली की विंचरायला राहतील न राहतील.

तुझीच,
ताई