चिमीचा घास

छत्रपती संभाजीनगर, २ डिसेंबर २०२४
चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद,

चिमीच्या पोटाखाली गाठ आली आहे. तुझ्या वहिनीची ही कुत्री. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जनावरांच्या, मानांकन मिळालेल्या दवाखान्यात नेलं. आधी रक्ततपासणी झाली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी ठेवायला बजावलं आहे. सोळा तारीख मिळाली, दुपारची. त्याच सकाळी वहिनीचं वर्षश्राद्ध आहे. दोन्ही उरकीन.

लोभ ठेव, चिमीवरही.
तुझा अनंतदादा

पैठण, ७ डिसेंबर
ती. दादास सा. न.,

फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. स्वतःचं रक्त कधी तपासू दिलं नाहीत, चिमीचं बरं दिलंत! श्राद्धाला गायीचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास काढाल, त्यातला कुत्र्याचा चिमीलाच घाला. तिला घातल्याशिवाय वहिनी कधी जेवली नाही.

माया आहेच, ती राहू द्या.
कालिंदी

छत्रपती संभाजीनगर, १६ डिसेंबर
चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद,

तुझं ऐकलं. खिरीचा घास चिमीनं लगेच खाल्ला. श्राद्धाचा घास म्हणजे काही जेवण नव्हे, असं मी धरून चाललो. दवाखान्यात विचारलं, तेव्हा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन पुढं ढकललं. भुलीत उलटी झाली तर अन्न फुफ्फुसात जातं म्हणे. मी म्हटलं, एवढासा घास, तोही आमच्या हिच्या नावाचा. त्या म्हणाल्या की काकूंचा असला तरी आता तो चिमीच्या पोटात आहे. मी रागानं परत आलो. आता पुढच्या सोमवारी. तोवर गाठ वाढू नये.

काळजी करू नकोस.
अनंतदादा

पैठण, १९ डिसेंबर
ती. दादास सा. न.,

माझ्यामुळंच झालं हे. पण बाई मला आवडल्या. वहिनीनंतर तुम्हाला 'नाही' म्हणणारं कुणी भेटलं तर! सोमवारी चिमीबरोबर मीही उपाशी राहीन. ती शुद्धीवर आल्याचं कळेपर्यंत जेवणार नाही.

राग सोडा, माया ठेवा.
कालिंदी

छत्रपती संभाजीनगर, २४ डिसेंबर
चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद,

गाठ पूर्ण निघाली. मला काचेतून पाहू दिलं. भूल उतरेपर्यंत एक नर्स चिमीच्या छातीवर हात ठेवून फरशीवर बसली होती. बाहेर जायचं झालं तेव्हा दुसरीला बसवून गेली. ती बाहेर आली तेव्हा मी तिला म्हटलं, कुत्री झोपलीच आहे, जेवून या. ती म्हणाली, जाग येताना कुणी एकटं नसावं, असा इथला नियम आहे.

तुझी वहिनी शेवटी इस्पितळात आत होती तेव्हा आम्ही बाहेर बाकावर होतो. तिच्याजवळ कुणी बसलं होतं का, हे वर्षभर मी कुणाला विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

चिमीनं डोळे उघडले ते त्या मुलीकडं पाहत. रात्री थोडा मऊ भात द्यायला सांगितलं होतं. पहिला घास वहिनीच्या नावानं घातला. डॉक्टरीणबाईंना विचारून.

फोन करायचं माझ्याकडून राहिलं. हे पत्र मिळेपर्यंत उपाशी असशील, तर आता जेव.

तुझा
अनंतदादा