उर्वीची पहिल्या वर्षाची वही

कॅसल हिल,
१७ मे

चि. उर्वी,

तुला खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळे बरे. मे महिन्यात थंडी, अजून सवय होत नाही. नचिकेतच्या दारातली पानं रोज मीच झाडतो. तुमच्या डार्विनला पानगळ नसतेच म्हणे. माझा खोकला हटत नाही, पण वैद्याचा खोकला कोण मनावर घेतो! चिन्मयी म्हणाली, "बाबा, पत्र कसलं लिहिताय, कॉल करा ना." सुनेला काय सांगू? फोनवर माझी जीभ कशी सुटते ते तुला ठाऊक आहे.

गॅरेज आवरताना तुझी युनिव्हर्सिटीतली पहिल्या वर्षाची वही सापडली. चिनी वैद्यकाची. मी हसायलाच बसलो होतो. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वारा नाही, आकाश नाही! लाकूड हे काय तत्त्व झालं? सुतारकाम झालं. असंच म्हणून तुला तेव्हा रडवलं होतं ना मी?

पण वाचत गेलो. लाकडातून अग्नी, राखेतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यावर पुन्हा झाड. प्रत्येक तत्त्व पुढच्याची आई. धातू म्हणजे फुफ्फुसं, शोक तिथे राहतो. माती म्हणजे पोट, म्हणजे फुफ्फुसांची आई. खाली तू लिहिलंयस, 'लेकरू अशक्त झालं तर आधी त्याच्या आईला बळ द्या.' दोनदा अधोरेखित.

तिथे माझं वाचन थांबलं.

फेब्रुवारीत बाळ काचेच्या पेटीत होतं, तेव्हा मी रोज फोन करायचो. वजन किती, दूध किती, रंग कसा. तू जेवलीस का, हे एकदाही विचारलं नाही गं. आणि बाळ गेल्यावर काय बोललो? "पोटुशी असताना ते चिनी काढे ढोसलेस, भोग आता." तू फोन ठेवलास. तीन महिने झाले.

उर्वी, मला माहीत होतं. पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्येच बाळाच्या हृदयात दोष दिसला होता, तू भावाला पाठवलेला रिपोर्ट नचिकेतने मला दाखवला होता. दिवस गेल्याचं कळताच तू सगळे काढे बंद केलेस, हेही माहीत होतं. तरी बोललो. चाळीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहिल्या आणि नातीसाठी काही करता आलं नाही, ते मला सोसवेना. कुणाच्या तरी माथी दोष मारायचा होता. तू सापडलीस. मी खोटं बोललो, आणि ते खोटं आहे हे माहीत असून बोललो. चिन्मयीला आणि नचिकेतला कालच हे सांगितलं. नचिकेत माझ्याशी बोलत नाहीये, ते बरोबरच आहे.

माफ कर म्हणायची माझी लायकी नाही. तू ये म्हणालीस तर येतो. नुसता स्वयंपाक करीन, तोंड उघडणार नाही. नको म्हणालीस तरी दोन ओळी लिही.

बाळ अकराव्या दिवशी गेलं, बारसं राहिलं. तू तिचं नाव काय ठरवलं होतंस? घरात आम्ही सगळे 'बाळ, बाळ' म्हणतो. मी तुला विचारलंच नाही. सांगशील?

तुझा बाबा,
तिचा आजोबा