वेधशाळेचे कोरे दिवस

३० नोव्हेंबर २०२२, देवपूर
हवाई बेटावरचा मौना लोआ ज्वालामुखी जागा झाला. लाव्ह्यानं वर जाणारा रस्ता कापला, विजेची लाइन गेली. डोंगरावरची वेधशाळा शाबूत — पण वीज नाही, यंत्रं बंद! १९५८पासून तिथं हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. माझ्या प्रबंधातही तेच आकडे. आणि प्रबंध पंधरा डिसेंबरला द्यायचाय.

१ डिसेंबर
सर म्हणाले, तुझी आकडेवारी गेल्या वर्षीच संपते, घाबरतेस कशाला? खरंच की. शिवाय माझा मुख्य आधार आबांच्या, माझ्या वडिलांच्या, तापमानाच्या वह्या. धरणगावच्या घरी मागच्या पडवीत थर्मामीटर. दुपारी अडीचला बघायचं, लिहायचं. सत्तावीस वर्षांत एक दिवस कोरा नाही! हवाईवाल्यांचे १९८४च्या उद्रेकातही दिवस बुडाले होते.

४ डिसेंबर, धरणगाव
आबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्या दिनले तेस्नी काय लिखं?"
काही नाही, म्हटलं. जागा कोरी ठेवली.
आबा धड जेवले नाहीत.

५ डिसेंबर
सकाळी चहा पिताना म्हणाले, "मी घर नही व्हतू, ते दिन बी लिखेल शेतस."
लग्नकार्य, शिबिरं, निवडणुकीची ड्यूटी. परत आले की राहिलेले रकाने अंदाजानं भरायचे. जन्मभर प्राथमिक शिक्षक, शाळा घरासमोरच. हजेरीपत्रकात रकाना रिकामा दिसला की तपासणीला बोलणी बसायची, हाताला तेच वळण. चहा तसाच ठेवून मी देवपूरची बस धरली. थांबले असते तर वाईटच बोलले असते.

७ डिसेंबर
तसंच ठेवलं तर कुणालाही कळणार नाही. अंदाजाचे आकडेही दिसतात किती शहाण्यासारखे!

८ डिसेंबर
सरांना सांगून टाकलं. म्हणाले, मुदत वाढवून घे, ते दिवस काढ. आबांना फोन केला — आठवतील तेवढ्या दिवसांना लाल गोल करा आणि वह्या पाठवा.

१३ डिसेंबर
वह्या आल्या. मे २०१४ — सलग अकरा गोल. तेव्हा माझी पुण्यात परीक्षा, इकडे आईची तब्येत नरम. आबा रोज फोनवर तापमान सांगायचे. म्हणजे घरीच असणार, म्हणजे आई बरी असणार, असं मी धरून चालले. परीक्षा संपली त्याच दिवशी आई गेली. अचानक, असंच मला सांगितलं होतं.
समासात आबांचं अक्षर: 'धुळे, दवाखाना. पेपर होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, हे तुझ्या आईनंच सांगितलं होतं.'
रागही आला, रडलेही. मग अकराही दिवस कोरे केले.