रुद्राणीचे संस्कृत

७ जून.
नात रुद्राणी दहावीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून अकरावीला कला शाखा घेणार आहे. लातुरात हे वाक्य हळू आवाजात उच्चारावे लागते. आमच्या माडीवर नीटची तयारी करणारी मुले भाड्याने राहतात. त्यांतील मुदखेडच्या हरिओमने तिचे सांत्वन केले म्हणे : लई कमी पडले काय गं मार्क? तिच्यापुढे प्रश्न एवढाच, संस्कृत की तर्कशास्त्र. दोन्ही कठीण. निर्णय सर्वस्वी तिचा. उद्या मी तो तिला कळवीन.

८ जून.
मी कळवण्यापूर्वीच तिने संस्कृत निवडले. गावाकडच्या देवळात एक झिजलेला शिलालेख आहे; तिला पुढे तसले लेख वाचायचे आहेत. त्याचा फोटो तिने टेबलासमोर चिकटवला आहे. माझे मौनदेखील मार्गदर्शन करते.

१९ जून.
मुलींच्या महाविद्यालयाची अट : दहा मुली जमल्या तरच संस्कृतचा वर्ग. रुद्राणी आठवडाभर दारोदार फिरली. एक कमी पडत होती. शेवटी शेजारच्या अंजूला म्हणाली, बाई, तू नुसती येऊन बस, तुझी वही मी लिहिते. अंजू तयार झाली. चिकाटीत मुलगी माझ्यावर गेली आहे.

२० जून.
संकल्प : या मुलींची पूर्वतयारी मी स्वतः घेणार. विनामूल्य. आयुष्यभराचे अध्यापन वाया का जावे? रुद्राणी म्हणाली, अज्जा, कॉलेज सुरू झाल्यावर बघू ना. संकोच. विनय तिच्यात उपजत आहे.

२१ जून, रविवार.
पहिला तास अत्यंत यशस्वी. पुनम म्हणाली, सर, कवाच्या बसून राहिलो आम्ही. ते वाक्य आधी शुद्ध करणे प्राप्त होते. तेथून उच्चार, मग प्रत्येकीकडून स्वतःचे नाव स्पष्ट म्हणवून घेणे. संस्कृतपर्यंत पोहोचता आले नाही, परंतु पाया पक्का झाला. अंजूच्या डोळ्यांत पाणी आले. विषयाचा प्रभाव.

२८ जून, रविवार.
चौघीच आल्या. इतरांकडे बहुधा पाहुणे.

३० जून.
अंजूची आई सूनबाईंना सांगून गेली : सुट्टीतच असं हाय, तर वरीसभर कसं व्हायचं? आमची पोरगी इतिहास घ्यायली. तिच्यापाठोपाठ पुनमनेही इतिहास घेतला. सोप्या वाटेचा मोह.

२ जुलै.
संस्कृतचा वर्ग रद्द. तर्कशास्त्राच्या आणि आता इतिहासाच्याही जागा भरलेल्या. रुद्राणीच्या वाट्याला सहकार हा विषय आला. जेवताना माझा मुलगा शिवकुमार म्हणाला, अप्पा, दोन रविवार गप बसला असता तर काय बिघडलं असतं? रुद्राणी त्याला म्हणाली, जाऊ द्या पप्पा, अज्जांना बोलू नका. वाक्य निर्दोष होते. ताट अर्धवट ठेवून उठलो.

५ जुलै, रविवार.
नवा संकल्प : रुद्राणीला घरीच संस्कृत शिकवणे. सतरंजी अंथरली. ती म्हणाली, नको अज्जा, सहकाराची पुस्तकं आणायचीत.
शिलालेखाचा फोटो रद्दीत सापडला. चष्मा पुसून वाचावयास बसलो. एकही अक्षर लागले नाही. तिला विचारावे म्हणून हाक मारली. ती केव्हाच बाहेर पडली होती.